पान कुठं मांडलंय?

आज तुम्ही वसईचे कॅथलिक आहात. नसाल, तर हा लेख संपेपर्यंत व्हा; स्नानसंस्काराची अट नाही. नंदाखाल, गास, गिरीज, पापडी, आवडेल तो धर्मग्राम घ्या. चर्चच्या घंटेनं जागे होत वाढलेले, चर्चच्याच मैदानात क्रिकेट खेळलेले, नाताळात गावभर कंदील लागलेले पाहून सगळ्या जगात असंच असतं असं समजून चाललेले असे तुम्ही. आपण संख्येनं थोडे आहोत, हे तुम्हांला शाळेच्या फॉर्मवरचा धर्माचा रकाना भरताना कळलं असेल तेवढंच.

आता तुम्ही तिरुवैयारूत आहात. तंजावरच्या उत्तरेला तेरा किलोमीटर, कावेरीच्या घाटावर. मार्गळी महिना, पहाटेचे पाच. तुमच्या हिशेबानं आगमनकाळाचा शेवटचा रविवार. अंधारात पाणी दिसत नाही, पायरीशी हलताना ऐकू येतं. ऐयारप्पर देवळाच्या भोंग्यावरून तिरुवेंपावै ही तमिळ शिवस्तुती सुरू आहे. गल्लीत बायका ओल्या अंगणात तांदळाच्या पिठाचं कोलम काढताहेत. मधोमध शेणाचा गोळा, त्यात खोचलेलं भोपळ्याचं पिवळं फूल. टाळ वाजवत एक भजनी मंडळी वळणावरून येते. पुढचा म्हातारा उघड्या अंगानं चाललाय, खांद्यावर फक्त उपरणं.

यातलं तुमच्यासाठी काहीच नाही. कोणी हुसकावत नाही, कोणी बोलावतही नाही. मिस्सा कुठं असते विचारावं तर तमिळ येत नाही.

या पायरीवर जरा रेंगाळा. रोम आणि जेरुसलेमच्या सहलीत जे मिळत नाही, ते इथं मिळतं. इसवी सन ११२ च्या आसपास बिथिनियाचा रोमन सुभेदार प्लिनी यानं सम्राट ट्रेजनला पत्र लिहिलं: या ख्रिस्ती लोकांचं करायचं काय? चौकशीत त्याच्या हाती लागलं ते एवढंच. हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात, ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीनं गाणं म्हणतात, चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही अशी शपथ घेतात, पांगतात, आणि पुन्हा जमून साधं जेवण जेवतात. आणखी काही बाहेर पडतं का ते पाहायला त्यानं दोन दासींचा छळ केला. त्या मंडळीत त्या सेविका म्हणून मानल्या जात. त्यांच्याकडूनही वेगळं काही निघालं नाही.

उजाडण्यापूर्वीचं गाणं आणि साधं जेवण. तेही दुसऱ्यांच्या गावात, दुसऱ्यांच्या देवळांच्या सावलीत. वसईच्या दगडी कमानीखाली बसून हे चित्र डोळ्यांपुढे येत नाही. तिरुवैयारूच्या पायरीवर येतं. फरक इतकाच, की गाणारे इथं ते आहेत आणि अंधारात उभे राहून ऐकणारे तुम्ही.

चला. मिस्सा कोल्लिडम नदीपलीकडे, एलाकुरिचीला आहे. वाटेचा नियम एकच: चालाल तसा काळ मागे सरेल.

तिरुमंजन वीथीत शिरता आणि भोंगा गप्प होतो. विजेचे खांब नाहीत, मोटारसायकली नाहीत. साल १८१० च्या आगेमागे. एका घरातून एक किडकिडीत गृहस्थ बाहेर पडतात, तंबुरा खांद्यावर, मागे दोन-तीन शिष्य. तेलुगूत रामाचं नाव घेत दारोदार जातात. बायका बाहेर येऊन मूठभर तांदूळ घालतात. हे त्यागराज. आज त्यांच्या समाधीपाशी दर पौष वद्य पंचमीला देशभरचे गवई जमतात. या वेळी मात्र ते गल्लीतले एक गाणारे शेजारी आहेत, ज्यांनी तंजावरच्या राजाचं बोलावणं नाकारलं असं लोक कौतुकानं आणि थोडं चिडून सांगतात.

तुम्हांला हा माणूस परका वाटत नाही, आणि त्याचं कारण फक्त पंढरीच्या वाटेवरची माधुकरी नव्हे. पहिल्या-दुसऱ्या शतकातली 'दिदाखे' नावाची एक छोटी ख्रिस्ती पोथी आहे. ती कॉन्स्टंटिनोपलच्या एका ग्रंथालयात १८७३ मध्ये सापडली. तिच्यात फिरत्या प्रचारकाला ओळखायची खूण दिली आहे. एक दिवस राहील, फार तर दोन. तिसऱ्या दिवशीही मुक्काम हलवला नाही, तर तो खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकर घ्यावी. पैसे मागितले, तर खोटाच. कायमचं राहायचं असेल, तर हाताला काम असावं आणि कष्टाचं खावं. ईश्वरविज्ञानाची जाडजूड पुस्तकं यायच्या आधी ख्रिस्ती माणसाला पडणारे प्रश्न हे असे होते: पाहुण्याला किती दिवस ठेवायचं, उपास कोणत्या वारी करायचा (बुधवारी आणि शुक्रवारी), स्नानसंस्काराला पाणी कोणतं. पाणी वाहतं असावं, म्हणते पोथी. ते नसेल तर साठलेलं, तेही नसेल तर डोक्यावर तीनदा ओतावं. मागे कावेरी वाहते आहे, तिच्याकडे एकदा वळून बघा.

'कुठून येणं झालं?'

मराठी! ओट्यावर एक कारकून बसला आहे, पुढ्यात मोडी कागदांचा गठ्ठा. शब्द मराठी, हेल तमिळ. व्यंकोजीराजांच्या मागोमाग जी घरं इथं आली, त्यांतलं हे एक.

'वसईहून.'

'वसई? चिमाजीआप्पांनी फिरंग्याकडून घेतली ती?'

'तीच.'

'मग घरचेच की तुम्ही. बसा, बसा.'

पाण्याचा तांब्या येतो, गुळाचा खडा येतो. मग नाव विचारलं जातं आणि तुम्ही सांगता: परेरा. कारकुनाचा चेहरा पडत नाही, सज्जन माणूस आहे. त्याचे राजे सरफोजी तर पाद्री श्वार्ट्झच्या देखरेखीखाली वाढले. १७९८ मध्ये पाद्री वारला, तेव्हा राजांनी लंडनच्या फ्लॅक्समनकडून संगमरवरी शिल्प करवून घेतलं आणि शिळेवर इंग्रजी ओळी स्वतः रचल्या. (श्वार्ट्झ ल्युथरन, आपला नव्हे, पण इतक्या लांब येऊन ते भांडण नको.) राजा हिंदूच राहिला, पाद्री पाद्रीच राहिला, आणि माया दोन्ही बाजूंनी टिकली. पुढे १७९९ च्या तहानं राज्यकारभार कंपनीकडे गेला. त्याचं शल्य कारकून तुम्हांला बराच वेळ ऐकवतो.

'जेवल्याशिवाय जायचं नाही,' तो म्हणतो.

तुमचं पान ओट्यावर मांडतात. आत माजघरात नाही. भात वाफाळता, आमटी भरपूर, वाढणारीचा हात आखडता नाही. जेवण झाल्यावर पान तुम्हीच उचलायचं. त्या जागेवर मागून शेणपाणी शिंपडलं जाईल. आग्रह मनापासूनचा आहे, आणि पान बाहेर आहे. दोन्ही एकाच वेळी खरं.

निघताना तो देवळातला गोड पोंगल द्रोणात घालून पुढे करतो. घ्याल?

हा प्रश्न वसईत गणपतीच्या दिवसांत दरवर्षी येतो, आणि त्यावर आपल्याकडे धर्मगुरूंपेक्षा आजीचं मत चालतं. कुणी मोदक हातात घेऊन हळूच बाजूला ठेवतं, कुणी मिटक्या मारत खातं. प्रश्न मात्र आजीहून कितीतरी जुना आहे. करिंथच्या बाजारात मिळणारं पुष्कळसं मांस देवळात वाहून मग विक्रीला येई, आणि ते खावं की नाही यावरून तिथले ख्रिस्ती दोन तट पडेपर्यंत भांडले. पौलाचं उत्तर एका वाक्यात मावणारं नाही. बाजारात मिळेल ते विकत घ्या, चौकशा करत बसू नका. कुणी जेवायला बोलावलं तर पुढ्यात येईल ते खा. पण हे देवाला वाहिलेलं आहे असं कुणी मुद्दाम सांगितलं, तर सांगणाऱ्याच्या मनासाठी हात आवरा. सगळा भर समोरच्या माणसावर. ही फूटपट्टी धरली, तर तिरुवैयारूच्या ओट्यावर माझं उत्तर सरळ आहे: द्रोण परत केला, तर दुखावलं जाणारं मन एकच आहे, आणि ते देणाऱ्याचं. खा. वेलची छान पडली आहे.

गाव मागे पडतं. दोन्ही बाजूंना सांबा भात उभा आहे, बांधांवर ताड. बगळे, चिखल, पुन्हा बगळे. हा पट्टा भरभर पार करा. समोर कोल्लिडम येते, कावेरीचीच मोठी शाखा, पण वाळूचं पात्र इतकं रुंद की पलीकडची माणसं काडीएवढी दिसतात. होडीत बसता बसता साल १७३० होतं. तंजावरच्या गादीवर तुकोजीराजे आहेत. तुमच्या वसईत अजून पोर्तुगीज आहेत. त्यांना नऊ वर्षं उरली आहेत, आणि त्यांना त्याचा पत्ता नाही.

होडीतले लोक हसताहेत. कुणीतरी गोष्ट सांगतंय: एक गुरू आणि त्याचे पाच मठ्ठ शिष्य नदीकाठी येतात, पण नदी झोपली आहे की जागी आहे हे कळेपर्यंत पाण्यात पाय घालायला घाबरतात. पेटतं कोलीत पाण्यात बुचकळून परीक्षा घेतात, पाणी चर्रर करतं, आणि सगळे पळत सुटतात. तमिळ मुलं ही परमार्थ गुरूची गोष्ट अजून वाचतात. ती लिहिणारा माणूस पलीकडच्या काठावर राहतो. तो जेझुइट आहे, इटलीतल्या कास्तिल्योनेचा, नाव कोस्तांत्सो बेस्की. इथं त्याला वीरमामुनिवर म्हणतात.

एलाकुरिचीचं चर्च लहान आहे. बेस्की १७१० मध्ये गोव्यात उतरला, पुढच्या वर्षी तमिळ मुलखात आला आणि तिथून मागे वळला नाही. शंभर वर्षांनी लिहिलेल्या चरित्रात त्याला पालखी, फेटा आणि वाघाचं कातडं दिलेलं आहे. खरं किती, देव जाणे. कागदावरचं मात्र नक्की आहे. तमिळचा चार भागांचा कोश त्यानं रचला, व्याकरण लिहिलं. लिपीत ऱ्हस्व आणि दीर्घ 'ए', ऱ्हस्व आणि दीर्घ 'ओ' सारखेच लिहिले जात, ते वेगळे करण्याची सोय त्याच्या नावावर आहे. आणि 'तेंबावणि', साडेतीन हजारांहून अधिक पद्यांचं महाकाव्य, १७२६ मध्ये पुरं झालेलं.

त्याचा नायक कोण, ते ऐका: योसेफ. बायबलमध्ये ज्याच्या तोंडी एक शब्द नाही तो सुतार. मोशे नाही, दाविद राजा नाही, पौलही नाही. तमिळ महाकाव्याची सगळी आरास, नगरवर्णनं, नदीवर्णनं, ऋतू, यानं एका हातावर पोट असलेल्या बाप्यासाठी मांडली. मला बेस्कीचं व्याकरण कळत नाही, पण ही निवड कळते. ख्रिस्ती धर्माची पहिली तीस वर्षं, म्हणजे खुद्द येशूच्या आयुष्याची, नाझरेथच्या सुतारशाळेत भुशात गेली आणि शुभवर्तमानांत त्यांच्यावर चार ओळी नाहीत. ती रिकामी जागा कुणाला तरी महाकाव्याएवढी वाटली.

तुम्हांला इथं गोव्यातलं रायतूर आठवेल. १६१६ मध्ये तिथं फादर स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं, दहा हजारांहून जास्त ओव्या, मराठीत. रविवारी आणि सणांना ते चर्चमध्ये वाचलं जाई. परक्या माणसानं आपल्या भाषेत देव आणला म्हणून आपण आजही त्याचं नाव घेतो, आणि घ्यावंच. पण स्टीफन्सच्या पाठीशी विजरईचं राज्य होतं, आणि त्याच राज्यानं पुढे १६८४ मध्ये गोव्याची लोकभाषा बंद करण्याचं फर्मान काढलं. बेस्कीच्या पाठीशी कोणी नाही. इथल्या पाळेगाराची मर्जी गेली, तर उद्या चर्चला कुलूप. सरफोजींच्या घराण्यातल्याच शहाजीराजांच्या अमलात तंजावरच्या ख्रिस्त्यांचा छळ झाला. या राजानं विद्वानांना गावं इनाम दिली, स्वतः काव्यं रचली. जेझुइटांच्या पत्रांत मात्र तो येतो तो छळणारा म्हणून.

घंटा होते. पाठमोरा धर्मगुरू, लॅटिन मिस्सा. ती तुमच्या आजोबांनी ऐकलेली, तुम्ही नाही. पण भोवती सगळे मोठ्यानं तमिळ प्रार्थना म्हणताहेत, सुरात, आणि ते शिकवलं आहे उपदेशियारांनी. धर्मगुरू एखाद्या खेड्यात वर्षाकाठी एकदा-दोनदा पोचतो. मधले सगळे महिने मरणाऱ्याच्या उशाशी बसणं, तान्ह्याला स्नानसंस्कार देणं, संध्याकाळी दिवा लावून घरच्यांना गुडघ्यावर आणणं, हे उपदेशियार करतो, किंवा घरची म्हातारी करते. बेस्कीनं उपदेशियारांसाठी वेगळं पुस्तकच लिहिलं. बायकांच्या गळ्यात ताळी, म्हणजे इथलं मंगळसूत्र, आहे, तिच्यावर क्रूस. कपाळाला हळद. स्नानसंस्कारात धर्मगुरूनं थुंकी लावून कान-नाकाला स्पर्श करायचा जुना रोमन विधी होता. इथल्या लोकांना त्याची किळस येते म्हणून जेझुइट तो गुपचूप गाळतात. याच्यावरून रोममध्ये पुष्कळ शाई सांडली आहे.

आता मागे वळा. दाराबाहेर बघा.

मांडवाखाली आणखी माणसं आहेत. तीच प्रार्थना म्हणताहेत, त्याच सुरात. ते परैयर, अस्पृश्य मानलेले. जेझुइटांच्या मदुरा मिशनचा रिवाज असा, की वरच्या जातींत वावरणारे संन्यासीवेशातले फादर वेगळे आणि खालच्यांत वावरणारे पंडारस्वामी वेगळे. चर्च वेगळं किंवा जागा वेगळी. परैयर मरणाला टेकला, तरी काही फादर त्याच्या झोपडीत पाऊल टाकत नाहीत. आजाऱ्याला उचलून बाहेर आणायचं. टाकलं पाऊल, तर बाकीच्या जाती त्यांना दारात उभं करणार नाहीत. १७०४ मध्ये पोपचे प्रतिनिधी तूर्नों यांनी पुदुच्चेरीत हुकूम काढला, की झोपडीत गेलंच पाहिजे. चाळीस वर्षं वाद चालला. १७४४ मध्ये बेनेडिक्ट चौदावे यांनी निकाल दिला आणि परैयरांसाठी वेगळे फादर नेमायला मोकळीक देऊन टाकली. म्हणजे झोपडीत कोणीतरी जाईल. पण जाईल तो वेगळा.

मिस्सेनंतर जेवण आहे. पंगत बसते. तुमचं पान या वेळी आत आहे, कारण तुमची जात कुणी विचारली नाही आणि कपडे बरे आहेत. मांडवाखालच्यांची पानं मांडवाखाली. कारकुनाच्या ओट्यावर तुम्हांला जे टोचलं होतं, ते इथं टोचायला हवं, आणि घास घशाखाली सहज उतरतो. आत बसलेल्याला टोचत नसतं.

पुढची वाट पश्चिमेची, कोल्लिडमच्या उत्तर काठानं. तिरुमळवाडी येतं तेव्हा साल १६७७, महिना जुलै. मराठी वाचकाचे पाय इथं आपोआप थबकतील: काठावर तंबू आहेत, घोडे आहेत, आणि शिवाजीराजे धाकट्या भावाशी, व्यंकोजीशी, वाटणीचं बोलताहेत. बोलणं फिसकटेल आणि व्यंकोजी रातोरात नदी ओलांडून तंजावर गाठेल. ही हकीकत आपल्या बखरींत आहे, तशी या भागातल्या जेझुइट फादर आंद्रे फ्रेरच्या पत्रातही आहे. फ्रेर महाराजांचं कौतुक करायला इथं आलेला नव्हता. त्याला काळजी होती ती फौजांच्या वाटेत येणाऱ्या आपल्या खेड्यांची.

त्याच काळात या मुलखात एक तिशीतला पोर्तुगीज उमराव अनवाणी फिरतो आहे, पंडारस्वामीच्या वेशात, मांसमद्य सोडून. जुआंव द ब्रितो. लोक त्याला अरुळ आनंदर म्हणतात. १६९३ च्या ४ फेब्रुवारीला ओरियूरला त्याचा शिरच्छेद झाला. १९४७ मध्ये तो संत ठरला. त्याच्याकडून बाप्तिस्मा घेतलेल्या एका सरदारानं एक बायको ठेवून बाकीच्यांना दूर केलं, त्यांतली एक रामनाडच्या सेतुपतीची भाची होती, आणि तिथून गोष्ट तलवारीपर्यंत गेली. संताच्या धैर्याबद्दल मला शंका नाही. पण त्या दूर केलेल्या बायकांना कुणी काय विचारलं, हे कुठल्याच चरित्रात मला दिसलं नाही, आणि वसईच्या कुठल्याही आजीनं पहिला प्रश्न तोच विचारला असता.

आता मोठी उडी आहे. कावेरी धरून वर चला, करूरपर्यंत. तिथल्या मातीत रोमन नाणी ढिगानं सापडली आहेत. पालक्काडच्या खिंडीतून पलीकडे उतरा. मुचिरी बंदरात मिऱ्याची पोती गलबतांवर चढताहेत. इथंच इसवी सन ५२ मध्ये थोमा उतरला, असं केरळची परंपरा मानते. मोसमी वारा मागून असेल, तर मुचिरी आणि तांबड्या समुद्राचं तोंड यांच्यामध्ये चाळीस दिवस, असं थोरला प्लिनी लिहितो. येताना वारा वेगळा आणि महिने वेगळे. मग उंट, मग नाईल, मग अलेक्झांड्रिया. साल ५५ च्या आगेमागे तुम्ही करिंथला पोचता, रविवारच्या संध्याकाळी, गायस नावाच्या माणसाच्या घरी. सगळी मंडळी त्याच्याकडे जमते, असं पौल एका पत्रात लिहून गेला आहे.

चर्च नाही. क्रूस नाही, मेणबत्त्यांची रांग नाही, घंटा तर नाहीच. एक बऱ्यापैकी घर. जेवणघरात आडवं होऊन जेवायची मंचकं आहेत, त्यांवर नऊ-दहा माणसं मावतात. बाकीचे चौकात. तुम्ही चौकात आहात. शेजारी एक हमाल, अंगाला घामाचा वास. गोदीतून सुटून आत्ता पोचला. पलीकडे एक दासी, धनिणीची भांडी आवरून आलेली. आतून मिऱ्याचा दरवळ येतो, मुचिरीच्या मिऱ्याचा. तेवढं तुम्ही लगेच ओळखता. आत जेवण उरकलं आहे. एकाला चढली आहे. चौकात ताटं आली, तेव्हा त्यांत फारसं काही नाही. आणि यानंतर सगळ्यांनी मिळून एकच भाकर मोडायची आहे, प्रभूच्या नावानं.

मग कुणीतरी पौलाचं पत्र उघडतं. तो मोठ्यानं वाचतो, आणि आतल्या मंचकांवर हळूहळू शांतता पसरते. तुम्ही जमता ते भल्यासाठी नाही, वाइटासाठी, असा त्याचा सूर. एक उपाशी आणि दुसरा झिंगलेला, हे प्रभूचं भोजन नव्हे. घरं नाहीत का तुम्हांला खायला-प्यायला? ज्यांच्याकडे काही नाही, त्यांना लाजवायचं आहे का? हमाल ताठ बसतो. आपल्या बाजूनं कुणी मोठ्यानं बोलावं, हे त्याला नवं आहे.

ख्रिस्तप्रसादाचे जे शब्द आज प्रत्येक मिस्सेत धर्मगुरू म्हणतात, ते सगळ्यात आधी लिहिले गेले ते या पत्रात, आणि लिहिले गेले ते या भांडणामुळे. करिंथची पंगत नीट बसली असती, तर पौलाला ते लिहायचं कारणच पडलं नसतं. म्हणून कोणी मला 'आद्य ख्रिस्ती कसे एकदिलानं राहत' असं सांगायला लागलं, की मी गायसच्या चौकाकडे बोट दाखवतो. तेव्हाही आत आणि बाहेर होतंच. अंत्युखियात खुद्द पेत्र बिगरयहुदी भावांबरोबर जेवत होता. जेरुसलेमची माणसं येताच ताटावरून उठला, आणि पौलानं त्याला चारचौघांत सुनावलं. फरक एकच होता: कुणीतरी सुनावत होतं. १७४४ च्या निकालात तो आवाज सापडत नाही.

परतीचा प्रवास घटकेचा. वाटेत १८७२ ला एक क्षण थांबा, तिरुनेलवेलीकडच्या वडक्कनकुळमला. तिथं त्या वर्षी चर्च बांधलं गेलं ते असं: दोन लांब दालनं कोनात येऊन वेदीपाशी मिळतात, मध्ये भिंत. एका दालनात एक जात, दुसऱ्यात दुसरी. धर्मगुरू दोघांना दिसतो, ती एकमेकांना दिसत नाहीत. असा नकाशा काढायलाही हुशारी लागते. ती भिंत १९१० मध्ये पाडली, तेव्हा दंगल झाली. २०१६ मध्ये भारतातल्या कॅथलिक बिशपांनी दलितांविषयीचं धोरण जाहीर केलं आणि चर्चमध्ये जातिभेद आहे, हे त्यात लिहून मान्य केलं. एवढं लिहायला इतकी वर्षं लागली, तरी लिहिलं हे बरं झालं.

उजाडलं आहे. एलाकुरिचीच्या आजच्या चर्चमध्ये तमिळ मिस्सा संपते आहे. आता सगळे आत बसतात. मूर्तीच्या पायाशी शेवंती आणि जास्वंद, बाहेर स्टीलच्या पेल्यांतून कॉफी. जानेवारीत पोंगलला इथल्या कॅथलिक घरांतही दूध उतू जाईल आणि मडक्याला हळदीचं रोप बांधलेलं असेल.

आणि वसईत? १७३९ ला किल्ला पडला, तहात ख्रिस्त्यांना धर्म पाळायची मुभा मिळाली, युरोपियन पाद्री निघून गेले. पाठीशी राज्य नाही, तोफ नाही. त्यानंतर आपला धर्म टिकवला तो गोव्याहून आलेल्या देशी धर्मगुरूंनी आणि संध्याकाळी माळ घेऊन बसणाऱ्या बायकांनी, मराठ्यांच्या अमलात, मराठीच्या बोलींत, शेजाऱ्यांच्या देवळांच्या घंटा ऐकत. आपलं आद्य ख्रिस्तीपण तिथं आहे. त्याचे पुतळे नाहीत म्हणून ते दिसत नाही. पण त्याच घरांतून लग्नं ठरवताना कुपारी, वाडवळ, कोळी हे हिशेबही चुकले नाहीत. आणि वाडीत राबणारी आदिवासी कॅथलिक बाई सणाच्या जेवणाला येते, तेव्हा ती अजून बहुतेक वेळा मागच्या दारानं येते.

नाताळ जवळ आला आहे. यंदा तिला पुढच्या दारानं बोलवा, आणि तिचं पान आत, तुमच्या शेजारी मांडा.